घराचा जागता पहारा

चोराची चाहूल यंत्राने द्यावी, ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील ऑगस्टस पोप यांनी १८५३ साली अशा विजेच्या घंटेचे पेटंट घेतले. दार उघडले की विद्युत्-मंडल पूर्ण होई आणि घंटा वाजे. आजच्या यंत्रणेतील रचना बहुधा याच्या उलट असते. मंडल सदैव पूर्ण असते आणि ते खंडित होताच इशारा मिळतो. त्यामुळे तार कापणाराही आपोआप उघडा पडतो.

मोठ्या वास्तूत दारे, खिडक्या, जिना, तिजोरीची खोली असे स्वतंत्र विभाग पाडतात. त्यामुळे घुसखोरी कोठे झाली हे तत्काळ कळते. माणसे वरच्या मजल्यावर निजली असता तळमजल्याचे विभाग तेवढे जागे ठेवता येतात. मुख्य दाराला काही सेकंदांची सवलत असते. तेवढ्यात मालकाने सांकेतिक आकडा दाबावयाचा असतो. खिडकीला सवलत नसते, कारण मालक खिडकीतून येत नाही.

खरा धोका वेगळाच आहे. एखादा विभाग वारंवार खोटी हाक देऊ लागला की घरची मंडळी तो वगळून निजू लागतात, आणि ‘लांडगा आला रे’ या गोष्टीतल्याप्रमाणे शेजारीही धावेनासे होतात. म्हणून प्रत्येक हाकेचे कारण शोधावे, विभागांची व बॅटरीची नियमित चाचणी घ्यावी, काम सोडून गेलेल्या माणसाचा आकडा त्याच दिवशी रद्द करावा. जागे राहणे यंत्राला साधते. त्याच्या हाकेवरचा विश्वास मात्र माणसालाच जागता ठेवावा लागतो.