सूचीपर्णी वृक्षांसारखी दिसणारी बागेतील तणे : ओळख व उपाय

प्रस्तावना :
पावसाळ्यात नाशिक परिसरातील बागांत, कुंड्यांत व कुंपणालगत बारीक, सुईसारख्या पानांची काही रोपे आपोआप उगवतात. ती मोरपंखी किंवा 'ख्रिसमस ट्री'ची रोपे असावीत, असा समज सहज होतो. परिणामी तण जपले जाते, तर कधी उपयुक्त वनस्पती उपटली जाते. प्रस्तुत लेखात अशा तीन वनस्पतींचा परिचय करून दिला आहे.

सूचीपर्णींची लक्षणे :
सूचीपर्णी वृक्ष अनावृतबीजी गटात मोडतात. त्यांना फुले येत नाहीत. बीजे बहुधा शंकूच्या खवल्यांवर उघडी असतात. द्वीपकल्पीय भारतात नैसर्गिकरीत्या वाढणारा सूचीपर्णी गटातील वृक्ष एकच, नागेइया वॉलिचियाना. तोही दक्षिण सह्याद्रीत आढळतो व त्याची पाने रुंद असतात. नाशिकमधील मोरपंखी व ॲरोकेरिया ही झाडे लावलेली आहेत. त्यामुळे आपोआप उगवलेले रोप सूचीपर्णी असण्याची शक्यता अत्यल्प असते. शंकूसारखे फळ धरणारा सुरूदेखील सपुष्प वृक्षच आहे.

तीन वनस्पती :
1) गणेशवेल (इपोमिया क्वामोक्लिट) : मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतील. पाने पिसासारखी विभागलेली, फुले लाल व पंचकोनी ताऱ्यासारखी. कोवळे रोप सरळ दिसते. पुढे ते आधाराला वेढे घेते, हीच त्याची खूण. बीजे गळून पुढील वर्षी पुन्हा रोपे उगवतात. म्हणून नको असल्यास बी धरण्यापूर्वी वेल काढावा.

2) शतावरी (ॲस्परॅगस रेसिमोसस) : हिच्या 'सुया' पाने नसून झुपक्यांनी येणाऱ्या हिरव्या उपशाखा आहेत. खोडावर काटे, जमिनीत मांसल मुळांचा झुबका, फुले पांढरी व सुवासिक, फळे पिकल्यावर लाल. औषधी मुळांसाठी रानातील शतावरी मोठ्या प्रमाणावर खणली जाते. त्यामुळे बागेत आलेले रोप तण समजून फेकू नये.

3) इक्विसेटम : ओलसर वाळूत व ओढ्याकाठी वाढते. खोड पेरेदार, पोकळ व सिलिकेमुळे खरखरीत. पाने पेरावरील दातेरी वलयापुरती उरलेली. यास बीजे नसतात. प्रसार बीजुकांनी व जमिनीखालील मूलक्षोडांनी होतो. वरचा भाग उपटल्याने ते नष्ट होत नाही, कारण उरलेल्या तुकड्यांतून नवे कोंब फुटतात. मूलक्षोड पूर्ण खणून काढावे व साचणाऱ्या पाण्याचा निचरा करावा.

समारोप :
एक वनस्पती द्विदल, दुसरी एकदल व तिसरी बीजरहित. तरीही तिन्हींचे बाह्यरूप सारखे भासते. आकारसाम्य हे नात्याचे प्रमाण नव्हे. रोप उपटण्यापूर्वी खोडाची पेरे, काटे, मुळे व शक्य असल्यास फूल तपासावे. विद्यार्थ्यांना वर्गीकरणाचा हा पाठ महाविद्यालयाच्या आवारातच देता येईल.