कूचा महाजनीतला केर

दिवाळी महिन्यावर आली की चांदनी चौकातल्या कूचा महाजनीत गलाईची दुकानं आवरायला निघतात. दिल्लीच्या या सराफ गल्लीत सोनं-चांदी वितळवून शुद्ध करणाऱ्यांत सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडची माणसं पुष्कळ. दुष्काळानं गाव सुटलं आणि गलाईनं पोट भरलं.

नको असलेल्या वस्तूला लाल चिठ्ठी लावून ती बाहेर काढा, असं जपानी कारखान्यांची '5 एस' पद्धत सांगते. इथं ती चिठ्ठी लावायची कशाला? फुटक्या मुशीच्या आतल्या अंगाला सोन्याचे कण चिकटलेले. झिजलेल्या झाडूच्या काड्यांत कीस अडकलेला. पायपुसणं, हातमोजे, पॉलिशचा कागद, हात धुतलेलं पाणी, सगळ्यात थोडं थोडं सोनं. दहा ग्रॅमचा भाव 2025 साली लाखावर गेल्यापासून तर केराचा मान आणखीच वाढलाय. त्यामुळं दुकानं तुंबतात. आळस हे त्याचं कारण नव्हे.

आवरायची रीत मात्र कडक. आधी पंखा बंद. मग पाण्याचा हलका शिपका, आणि झाडू उंबऱ्याकडून आत. कोपऱ्यात पिंपं मांडलेली: एकात सोन्याच्या कामाचा केर, एकात चांदीच्या, एकात फुटक्या मुशी. एका पोरानं चांदीकडचं सुपलं भलत्याच पिंपात रिकामं केलं, तसे दुकानाचे मालक आबा कडाडले, "आरं, मिसळू नगंस!" माझ्या मते या धंद्यातली खरी अडगळ म्हणजे मिसळलेला केर. साठलेला केर हे भांडवल आहे, मिसळला की त्याचा हिशेब बुडतो आणि गाळणीचा खर्च वाढतो.

पुढं पायपुसणं, चिंध्या जाळायच्या. राख कुटून चाळायची, चुंबक फिरवून कानशीचा लोखंडी चुरा काढायचा, मग पाण्यात धुवायची. केर धुऊन सोनं काढणाऱ्या झारेकऱ्यांचं हे जुनं काम. माती वाहून जाते, जड कण तळाशी बसतात. ते वितळवून त्यात वरून चांदी घालतात, सोनं साधारण चौथाई राहील इतकी. सोनं जास्त असेल तर तेजाब आतपर्यंत पोचत नाही. बारीक रवाळ केलेला हा माल नायट्रिक तेजाबात उकळला की चांदी विरघळते आणि तळाशी तपकिरी भुकटी उरते. पाहणाऱ्याला ती सोनं वाटतच नाही. टाकणखार घालून 1064 अंशांवर वितळली की मगच पिवळा गोळा दिसतो. विरघळलेली चांदीही सुटत नाही, तांब्याच्या पट्ट्या टाकून ती परत खाली बसवतात.

एवढ्या काटेकोर घरात एका गोष्टीला अजून जागा नाही: तेजाबाच्या तांबूस धुराला. तो झरोक्यातून गल्लीत जातो आणि आधी उकळणाऱ्याच्या छातीत. कणाकणाचा हिशेब ठेवणाऱ्यांनी धूर शोषून धुणाऱ्या यंत्राला महाग म्हणावं, हे मला पटलं नाही. आबांना तसं म्हणालो, तर ते पिंपांची झाकणं लावत राहिले.

दुकानाची फरशीही बदलायची होती. जुनी फरशी फुकटात उचलून नेतो, असं ठेकेदार मोठ्या उदारपणे म्हणाला. आबा हसले. "आमी आदी कुटून, धुवून घेतो. मग तू ने की खुशाल."