हॉप्स निवडताना: कडूपणाचं गणित आणि वासाची ओळख

मागच्या वेळी आपण माल्ट पाहिला, आज हॉप्स. आम्हाला प्रश्न हमखास येतो: "सगळ्यात चांगले हॉप्स कोणते?" आम्ही उलट विचारतो, "कशासाठी?" मसाला करताना आपण लवंगी मिरची तिखटासाठी घेतो आणि ब्याडगी रंगासाठी. इथेही तसंच आहे.

हॉप्स म्हणजे एका वेलीचा मादी फुलोरा. त्याच्या पाकळ्यांच्या बुडाशी पिवळे कण असतात. त्यांत दोन कामाच्या गोष्टी: अल्फा आम्लं आणि सुगंधी तेलं. माल्टच्या गोड रसात तासभर उकळलं, की अल्फा आम्लांचं रूप बदलतं आणि रसात कडूपणा उतरतो. तेलं मात्र त्याच उकळीत वाफेबरोबर उडून जातात. म्हणून कडूपणाचे हॉप्स सुरुवातीला, वासाचे शेवटी. कोथिंबीर आपण वरूनच घालतो ना, तसं.

आता उदाहरण घेऊ. १८४२ साली बोहेमियातल्या पिल्झेन शहरात सोनेरी पिल्सनर जन्मली. तिचा तो मंद, किंचित मसालेदार वास साझ हॉप्सचा. साझमध्ये अल्फा आम्लं साधारण ३ ते ४ टक्केच; जर्मनीच्या मॅग्नममध्ये १२ ते १४. समजा, उकळीच्या सुरुवातीला ३.५ टक्क्यांचे साझ ४० ग्रॅम घालायचेत. ४० गुणिले ३.५ म्हणजे १४०. हाताशी १४ टक्क्यांचे मॅग्नम असतील, तर १० ग्रॅम पुरे. ४० ग्रॅमला ४० ग्रॅम असा बदल केला, तर कडूपणा जवळपास चौपट होतो आणि वीस लिटर बिअर मोरीत जाते!

सुरुवातीच्या हॉप्समध्ये असा बदल चालतो, मालही कमी लागतो. पण शेवटच्या पाच मिनिटांत पडणाऱ्या साझच्या बदलीला असं गणित नाही. तिथे १९७२ साली अमेरिकेत आलेले कॅस्केड घातले, तर ग्रेपफ्रूटसारखा वास येईल. पेल एलला तो शोभतो. पिल्सनरची मात्र ओळखच पुसली जाते.

आणि घेताना पाकिटावर हंगामाचं वर्ष बघाच. हवा आणि ऊब लागली की अल्फा आम्लं घटतात, जुन्या हॉप्सना चीजसारखा वास येतो. हवाबंद करून फ्रीजरमध्ये ठेवा.

थोडक्यात, काटकसर कडूपणाच्या हॉप्समध्ये करा, वासाच्या नको. पुढच्या वेळी यीस्टबद्दल बोलू.