नागपूर वसविणारे देवगडचे गोंड



उईके, धुर्वे, सलाम, परतेती, कुमरे, टेकाम ही आडनावे आपल्या हजेरीपटात दरवर्षी असतात. त्यांच्यामागे एक मोठे राज्य उभे आहे हे मात्र फार थोड्या मुलांना ठाऊक आहे. पांढुर्णा-सौंसरची मुले शिवरायांचा इतिहास तोंडपाठ सांगतात, त्याचा आनंदच आहे. पण आपण राहतो त्या मातीचा इतिहास देवगडपासून सुरू करावा लागतो.

देवगडचा किल्ला मोहखेड तहसिलीत, डोंगरावर आहे. तिथले मोतीटाके व नगारखाना आजही पाहता येतात. जाटबा राजाने लाकडी तलवारीने गवळी राजांना मारून हे राज्य घेतले, अशी कथा सांगतात. कथा बाजूला ठेवली तरी आईन-ए-अकबरीत जाटबाचे नाव आहे. त्याच्याजवळ 2,000 घोडेस्वार, 50,000 पायदळ व 100 हत्ती असल्याचे त्यात लिहिले आहे. आकडे थोडे फुगविलेले असतील, तरी दिल्लीने दखल घ्यावी असे हे राज्य होते.

याच घराण्यातल्या बख्त बुलंद शाहने भावकीच्या भांडणात औरंगजेबाची मदत मागितली व त्यासाठी इस्लाम स्वीकारला. पुढे तो त्याच औरंगजेबाच्या मुलखावर चालून गेला. पण त्याचे खरे काम वेगळे आहे. त्याने दुरून शेतकरी व कारागीर बोलावले, त्यांना जमिनी दिल्या, जंगलात गावे वसविली. 1702 साली राजापूर बारसा या बारा लहान वस्त्या जोडून त्याने नागपूर वसविले. आज आपण लग्नाच्या खरेदीला, दवाखान्याला, कॉलेजला ज्या नागपूरला जातो, ते आपल्या बाजूच्या गोंड राजाने वसविलेले आहे!

त्याच्या मुलाने, चांद सुलतानाने, राजधानी नागपूरला नेली. त्याच्यानंतर वारसाहक्काचा तंटा झाला. राणी रतनकुंवरने वऱ्हाडातून रघुजी भोसल्यांना मदतीला बोलावले आणि 1743 पर्यंत सत्ता भोसल्यांकडे गेली. गोंड राजा नावापुरता गादीवर राहिला. मराठी कारभार या मुलखात पक्का झाला तो असा. 1 नोव्हेंबर 1956 ला नागपूर वेगळ्या राज्यात गेले, आपण मध्यप्रदेशात राहिलो. 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला.

गोंड स्वतःला कोइतूर म्हणतात. त्यांचा बडादेव साजाच्या झाडात राहतो. कोणते घराणे किती देवांचे, चार, पाच, सहा की सात, यावरून सोयरीक ठरते. एकाच गटात लग्न होत नाही. वंशाच्या कथा परधान लोक बाना नावाच्या वाद्यावर गातात. त्यांच्या गाण्यातच ग्रंथालय आहे म्हणा ना!

गोंडी भाषा मराठी-हिंदीच्या कुळातली नाही, ती तेलुगू-कन्नडच्या कुळातली आहे. गोंडीत तीन म्हणजे मूंद, चार म्हणजे नालुंग. तेलुगूत मूडु आणि नालुगु. 1918 साली बालाघाटकडील मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी तिच्यासाठी लिपीही तयार केली. पण 2011 च्या जनगणनेत गोंड एक कोटीच्या वर आणि गोंडी बोलणारे सुमारे तीस लाख. आठव्या अनुसूचीत गोंडी नाही. आमच्या वर्गात गोंड मूल मराठी शिकते, हिंदी शिकते, आणि आजीशी बोलायची भाषा दाराबाहेर ठेवून येते. मराठी टिकावी म्हणून इतकी वर्षे धडपडणाऱ्या समाजाला हे समजायला कठीण जाऊ नये.

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात हो-चंक नावाचे आदिवासी आहेत. एकोणिसाव्या शतकात सरकारने त्यांना पुन्हा पुन्हा हाकलले, ते पुन्हा पुन्हा परत आले. इतरांनी ठेवलेले विनेबागो हे नाव तिथल्या समाजाने 1994 मध्ये सोडले व आपले स्वतःचे नाव घेतले. आज ते मुलांना आपली भाषा शिकवीत आहेत.

यंदा आठवीचे विद्यार्थी आपापल्या गावातल्या नाल्यांची, टेकड्यांची व झाडांची गोंडी नावे वहीत उतरवणार आहेत. ज्यांच्या घरी गोंडी बोलणारे आजी-आजोबा आहेत त्या पालकांनी पोळ्याच्या सुटीपूर्वी वर्गशिक्षकांना कळवावे. विश्वस्त मंडळाला विनंती आहे की यंदाची सहल देवगडला न्यावी.

— प्राचार्य