बुद्धिबळ शिकताय? ‘दहा चाली पुढचा विचार करा’ हा सल्ला आधी विसरा!

बुद्धिबळाचा पट मांडला, की दोन खेळाडूंना तिसरा माणूस आपोआप मिळतो. तो खेळत नाही, फक्त सल्ले देतो. जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, म्हणजे ‘फिडे’च्या नियमानुसार सुरू असलेल्या डावात प्रेक्षकांनी ढवळाढवळ करायची नसते. सोसायटीच्या कट्ट्यावर हा नियम अद्याप पोहोचलेला नाही.

या काकांचे बहुतेक सल्ले खरे असतात. अडचण एवढीच, की नवख्या खेळाडूला त्यांचा काडीचा उपयोग होत नाही. सल्ला ऐकूनही हरलो म्हटल्यावर अनेक जण ‘आपल्याला एवढे डोकेच नाही’ असे ठरवतात आणि पट माळ्यावर जातो. म्हणूनच हे लोकप्रिय सल्ले कुठे फसतात, हे पाहायला हवे.

सल्ला १ : ‘दहा चाली पुढचा विचार कर’

पहिल्या चालीसाठी पांढऱ्याकडे २० पर्याय असतात. काळ्याकडेही तेवढेच. म्हणजे दोघांची एकेक चाल होईपर्यंत ४०० शक्यता तयार होतात. दोघांच्या दोन-दोन चाली झाल्या, की हा आकडा १,९७,२८१ वर जातो. दहा चालींचा हिशेब करायला बसलेला नवखा खेळाडू रात्रीच्या जेवणाला उठणार नाही.

मग मोठे खेळाडू काय करतात? डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान दे ग्रूट यांनी गेल्या शतकात याचा अभ्यास केला. अव्वल खेळाडू इतर चांगल्या खेळाडूंपेक्षा फार खोलवर मोजतात असे त्यांना आढळले नाही. त्यांना योग्य चाली लवकर दिसत होत्या. पुढे १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी खेळाडूंना काही सेकंद पट दाखवून तो आठवून मांडायला सांगितला. खऱ्या डावातली स्थिती निष्णात खेळाडूंनी नवख्यांपेक्षा कितीतरी अचूक मांडली. मोहरे कसेही विखुरले, तेव्हा मात्र हा फरक जवळपास उरला नाही. म्हणजे फरक ओळखीच्या आकृत्यांचा होता आणि ती ओळख सरावाने होते.

सल्ला २ : ‘घोडा कडेला नेऊ नकोस’

सल्ला शंभर टक्के बरोबर, पण कारण कुणी सांगत नाही. कारण मोजता येते. पटाच्या मध्यभागी असलेला घोडा आठ घरांवर उडी मारू शकतो. कडेला तीन किंवा चार आणि कोपऱ्यात फक्त दोन. हा हिशेब एकदा कळला, की सल्ला पाठ करावा लागत नाही.

सल्ला ३ : ‘आधी ओपनिंग पाठ कर’

पाठांतर तोपर्यंतच चालते, जोपर्यंत समोरचाही त्याच पुस्तकातून खेळतो. नवख्यासमोर बसलेला दुसरा नवखा कुठलेच पुस्तक वाचून आलेला नसतो. तो वजीर आणि उंट बाहेर काढतो, एफ७ वर नेम धरतो आणि चौथ्या चालीत मात देतो. सुरुवातीला या घराचे रक्षण एकटा राजा करतो, हे माहीत असले तर बचाव सोपा आहे. पांढरा वजीर एच५ वर आला, की आधी घोडा सी६ वर आणून ई५चे प्यादे राखायचे. उंट सी४ वर आला, की जी-प्यादे एक घर पुढे सरकवून वजिराला हुसकवायचे.

सल्ला ४ : ‘चांगली चाल दिसली? त्याहून चांगली शोध’

दहा मिनिटांच्या डावात हा सल्ला मनापासून पाळणारा खेळाडू उत्तम चाल शोधता शोधता घड्याळावर हरतो. नवख्यासाठी प्रश्न उलटा हवा : ही चाल वाईट तर नाही ना?

मग उपयोगाचा सल्ला कोणता?

कसोटी साधी आहे : पुढच्या मिनिटात पटावर करता येईल, तोच सल्ला कामाचा. प्रत्येक चालीआधी तीन प्रश्न विचारा.

१. समोरच्याने शेवटची चाल का केली? तो आता काय मारू शकतो?

२. मी मोहरा ठेवतोय, त्या घरात तो फुकट मारला जाईल का?

३. मला शह देता येतो का, किंवा काही फुकट मिळतेय का?

देवाणघेवाण करताना ढोबळ किंमत लक्षात ठेवा : प्यादे १, घोडा आणि उंट ३, हत्ती ५, वजीर ९. शिवाय उत्तरे मिळेपर्यंत हात पटापासून दूर ठेवा. स्पर्धेत ज्या मोहऱ्याला हात लावला, तोच हलवावा लागतो.

मोठ्या खेळाडूंनाही हे प्रश्न लागतात?

लागतात. १२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूरमध्ये जगज्जेतेपदाच्या लढतीचा १४ वा, म्हणजे शेवटचा डाव सुरू होता. डाव बरोबरीकडे झुकला होता. ५५ व्या चालीत डिंग लिरेनने हत्ती एफ२ वर आणला. डी. गुकेशने हत्तींची अदलाबदल केली आणि लगेच उंटांच्या अदलाबदलीचा प्रस्ताव ठेवला. राजा आणि प्यादी उरलेला तो डाव डिंगसाठी हरलेला होता. १८ वर्षांचा गुकेश जगज्जेता झाला.

ही चूक पाहायला दहा चाली पुढे जावे लागत नव्हते. ‘मी इथे हत्ती ठेवला, तर समोरचा काय मारेल आणि मग काय उरेल?’ हा प्रश्न पुरेसा होता. चार तासांच्या ताणानंतर विद्यमान जगज्जेत्याकडूनही तो निसटला. त्यामुळे शिकायला सुरुवात केलेल्या मुलाने वजीर फुकट घालवला, तर त्याच्या बुद्धीवर शेरा मारण्याची गरज नाही. तीनपैकी कोणता प्रश्न विचारायचा राहिला, एवढेच त्याला विचारावे. आणि तेही डाव संपल्यावर.