फाइलीसोबत कार्डही

बालसंधिवाताच्या ओपीडीत डॉक्टर आधी गुडघ्याला हात लावतात. हाताची मागची बाजू एका गुडघ्यावर, मग दुसऱ्यावर. गरम कुठला, पाणी कुठे साठलंय, पाय पुरता सरळ होतो का. समोरच्या पाच वर्षांच्या मुलीला जुवेनाइल इडिओपॅथिक आर्थरायटिस आहे. आठवड्यातून एकदा कमी मात्रेत मेथोट्रेक्झेट चालू आहे. स्टिरॉइड सुटलंय, पण उजव्या गुडघ्याची सूज हटत नाही, म्हणून बायोलॉजिक इंजेक्शन सुरू करायचंय.

‘‘लसीचं कार्ड आणलंय का?’’

आईनं पिशवीतून चुरगळलेलं कार्ड काढलं. नऊ महिन्यांपर्यंतचे रकाने भरलेले, दीड वर्षाचे कोरे. ‘‘तेव्हाच दुखणं सुरू झालं. शेजारपाजारचे म्हणाले, लसीनं संधिवात उसळतो.’’

‘‘तसं नाही होत, ताई.’’

या उत्तराला आधार आहे. नेदरलँड्समध्ये याच आजाराच्या 137 मुलांवर अभ्यास झाला, 2013 मध्ये तो प्रसिद्ध झाला. गोवर-गालगुंड-रुबेलाचा बूस्टर दिलेल्या मुलांचा आजार न दिलेल्यांपेक्षा वाढला नाही. उलट, औषधांनी प्रतिकारशक्ती दबलेल्या मुलाला गोवर किंवा कांजिण्या झाल्या तर जिवावर बेतू शकतं.

मग हिशेब सुरू झाला. ट्रिपल, इंजेक्शनची फ्लू, न्यूमोकोकल या लशींत जिवंत जंतू नसतात. त्या औषधं चालू असतानाही देता येतात. रिटुक्सिमॅबसारख्या औषधानंतर मात्र लस नीट लागू पडत नाही, म्हणून जमल्यास ते सुरू करण्याआधीच ती उरकतात. गोवर, कांजिण्यांच्या लशी जिवंत. जास्त स्टिरॉइड किंवा बायोलॉजिक चालू असताना त्या सहसा टाळतात. कमी मात्रेच्या मेथोट्रेक्झेटवर गोवराच्या बूस्टरचा विचार करता येतो.

त्यामुळे क्रम ठरला: गोवराचा राहिलेला डोस आज, बायोलॉजिक चार आठवड्यांनी. गुडघ्याला तेवढी सवड आहे, असं डॉक्टरांनी तपासून ठरवलं. नसती तर औषध आधी सुरू केलं असतं. फ्लूची लसही आजच, दुसऱ्या दंडात. सिस्टरनी बॅच नंबर कार्डावर उतरवला आणि अर्धा तास बाहेर बसायला सांगितलं.

आई-बाबांनो, फाइलीसोबत लसीचं कार्डही आणा. लसीसाठी औषध परस्पर बंद करू नका, आणि औषधासाठी लसही. पोलिओचे थेंब पाजायला कोणी दारात आलं, तर मुलाची औषधं आधी सांगा. त्या थेंबांत जिवंत विषाणू असतो.