एका राजधानीच्या तीन सीमा

कझाकस्तानचे पहिले राष्ट्राध्यक्ष नूरसुलतान नझरबायेव यांनी १९९७ मध्ये देशाची राजधानी अल्मातीहून उत्तरेकडील गवताळ मैदानातल्या अकमोला येथे हलवली. पुढच्याच वर्षी त्या शहराचे नाव अस्ताना झाले, आणि सुमारे तीन दशके एकाच हाती राहिलेल्या सत्तेमुळे त्याची उभारणी अखंड चालू राहिली. भारतात नव्या राजधानीचा असा मोठा प्रयोग त्याच्या चार दशकांहून अधिक काळ आधी चंदीगडला झाला होता. मात्र ज्या राज्यासाठी ते बांधले गेले, त्या राज्याचेच पुढे विभाजन झाले, आणि त्याचे परिणाम शेजारच्या पंचकुल्यात आजही स्पष्ट दिसतात.

फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेल्याने पूर्व पंजाबचा कारभार सिमल्याहून चालत होता. शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी नवी जागा निवडण्यात आली, अनेक गावांची शेते संपादित झाली आणि पंडित नेहरूंच्या भक्कम पाठिंब्यावर फ्रान्समधील वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांनी आराखड्याला अंतिम रूप दिले. सुमारे १२०० मीटर लांब व ८०० मीटर रुंद असा ‘सेक्टर’ हा या आराखड्याचा मूळ घटक होय: वेगवान वाहतूक त्याच्या कडेने जाते, बाजाराचा रस्ता त्याला आडवा छेदतो, शाळा आणि हिरवळ आतल्या बाजूला असते आणि घरे मोठ्या रस्त्यांकडे पाठ करून उभी राहतात. १९५३ मध्ये राजधानी सिमल्याहून येथे आली.

शहराइतकाच महत्त्वाचा होता १९५२ चा परिघ नियंत्रण कायदा. शहराभोवतीच्या पाच मैलांच्या पट्ट्यात (१९६२ मध्ये तो दहा मैल झाला) परवानगीवाचून बांधकामास बंदी घालून शेतीचा हिरवा वेढा कायम राखावा, हा त्यामागचा दूरदर्शी हेतू होता. परंतु १ नोव्हेंबर १९६६ रोजी हरियाणा वेगळा झाला, चंदीगड केंद्रशासित प्रदेश आणि दोन्ही राज्यांची सामाईक राजधानी ठरले, आणि तो पट्टा तीन प्रशासनांत विभागला गेला. मग पंजाबने मोहाली वसवले, तर हरियाणाने पंचकुला. ज्या शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीवर खोली वाढवण्यासाठीही परवानगी मागावी लागत होती, त्याच्याच शिवारात सरकारने सेक्टरांमागून सेक्टर आखले. या विसंगतीची चर्चा स्थापत्याच्या कौतुकात फारच कमी होते.

पंचकुल्याने चंदीगडचीच सेक्टरपद्धत उचलली, पुढे घग्गर नदी ओलांडून वस्ती वाढवली आणि १५ ऑगस्ट १९९५ रोजी ते जिल्ह्याचे ठिकाण बनले. चंदीगडला ज्या चंडीमंदिरावरून नाव मिळाले, ते मंदिरही आज पंचकुला जिल्ह्यात आहे. दोष आराखड्यापेक्षा १९६६ नंतरच्या राजकारणाचा अधिक आहे, कारण पाणी, रस्ते आणि वस्ती या तिन्ही शहरांच्या सामाईक गरजा असूनही त्यांचा एकत्रित विचार करणारी समर्थ यंत्रणा उभी राहिली नाही. १९८५ च्या राजीव गांधी–लोंगोवाल करारानुसार चंदीगड पंजाबला मिळायचे होते, पण ते घडले नाही. हरियाणा पोलिसांचे मुख्यालय पंचकुल्यात असले तरी राज्याची विधानसभा अद्याप चंदीगडमध्ये, पंजाबच्या विधानसभेसह ल कॉर्बुझिए यांच्या एकाच इमारतीत भरते.